दुसरी किल्ली हातात आहे तोवर

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी घेतलेल्या कुटुंबाचा शोरूममधला फोटो आठवून पाहा. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली सगळ्यांनी मिळून धरलेली असते, बॉनेटवर हार असतो, चाकाखाली लिंबू असते. खऱ्या किल्ल्यांकडे त्या गडबडीत कोणाचेच लक्ष नसते. एक किल्ली चालवणाऱ्याच्या खिशात जाते. दुसरी किल्ली आणि तिच्यासोबत मिळालेला, आकडे कोरलेला छोटा बिल्ला प्लास्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी मॅन्युअलच्या पाकिटात आणि पाकीट गाडीच्याच कप्प्यात. बऱ्याच गाड्यांत ते वर्षानुवर्षे तिथेच पडून असते.

तुमच्याकडेही तसेच असेल तर आज ती पिशवी बाहेर काढा आणि घरच्या कपाटात ठेवा. गाडीची काच फोडणाऱ्याला आयती किल्ली मिळू नये, हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण असे की दोन किल्ल्यांपैकी एक हरवली तर ते निभावण्याजोगे काम असते. दोन्ही गेल्या की मात्र तुमची गाडी तुमची असूनही तुमच्या हातात काही उरत नाही. हे असे का होते ते समजून घ्या, म्हणजे कुठे गप्प बसायचे आणि कुठे अडून बसायचे हे कळेल.

किल्लीचे जे पाते दिसते ते फक्त कुलूप फिरवते. गाडी सुरू करते ती किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात बसवलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून लहरी निघतात, त्यांच्याच जोरावर चिप जागी होते आणि गाडीला उत्तर देते. उत्तर जुळले तर इंजिनाला परवानगी मिळते, नाही तर इंजिन चालू होऊच दिले जात नाही. या सगळ्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. चौकातल्या किल्लीवाल्याकडून नुसते पाते कापून आणले तर दार उघडेल, इग्निशनही फिरेल. पण काही गाड्या एक-दोन सेकंद सुरू होऊन गचकन बंद पडतील, काही तेवढ्याही चालणार नाहीत, आणि मीटरवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहील. (अशी बिनचिपची किल्ली तरीही एक करून ठेवावी. किल्ली आत राहून दार बंद झाले की तीच कामाला येते, आणि कोणाच्या हाती लागली तरी तिने गाडी सुरू होत नाही.)

म्हणजे किल्ली करणे हे आता दोन कामांचे मिळून एक काम झाले आहे. पाते कापणे हे एक, ते कोणीही करतो. दुसरे काम नवी चिप गाडीला ओळखायला शिकवण्याचे. त्याला बाजारात सरसकट कोडिंग म्हणतात. त्यासाठी स्टेअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडावे लागते आणि गाडीचा गुप्त पिन द्यावा लागतो. हा पिन कंपनीकडे असतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तर पिन माणसाच्या हाती येतच नाही. मशीन इंटरनेटवरून थेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांची ही माहिती जर्मनीतल्या मध्यवर्ती साठ्यात असते आणि किल्लीही त्या विशिष्ट गाडीसाठी कारखान्यातूनच तयार होऊन येते. सर्व्हरवर शिरायचे लॉगिन सर्व्हिस सेंटरला मिळते. गाडीच्या मालकाला मिळत नाही, आणि तुमच्या ओळखीच्या, वीस वर्षे गाड्यांखाली झोपलेल्या मेकॅनिकलाही मिळत नाही.

आता समजा, तुम्ही सहकुटुंब तारकर्लीला गेला आहात आणि लाटेत उभे असताना खिशातली किल्ली गेली. दुसरी घरी, पुण्यात किंवा नाशिकला. ती कोणी एसटीने किंवा कुरिअरने पाठवली की दुसऱ्या दिवशी सुटका. पण दुसरी किल्ली दोन वर्षांपूर्वीच हरवलेली असेल आणि ‘करू कधीतरी’ म्हणून राहून गेली असेल, तर पुढचा क्रम असा: गाडी टोचन करून किंवा ट्रकवर चढवून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची, कारण गाडीशिवाय कोडिंग होत नाही. आरसी, ओळखपत्र आणि किल्ली हरवल्याची पोलिसांकडची नोंद द्यायची. किल्ली मागवायची आणि ती येईपर्यंत थांबायचे. काही वेळा ‘सगळ्या किल्ल्या गेल्यात, तर पूर्ण लॉकसेटच बदला’ किंवा ‘इमोबिलायझरचे युनिटच बदलावे लागेल’ असे ऐकायचे. ते खरेच आवश्यक आहे का, हे तपासायला तुमच्याकडे काही साधन नसते. समोरचा सांगेल ते खरे. एक किल्ली हातात असती तर जे काम काही हजारांत झाले असते, त्याच्या कितीतरी पट बिल इथे होते, आणि टोइंगचे पैसे वेगळे.

ही सगळी लुबाडणूकच आहे असे मात्र समजू नका. चोरांना आवरायला ही व्यवस्था आली आणि तिने ते काम केले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत एक छोटा रेझिस्टर बसवला होता. त्याचे एकूण १५ प्रकार होते आणि गाडी आपला तेवढा ओळखायची. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात २००७पासून. अमेरिकेने सक्ती केली नाही, आणि तिथे ह्युंदाई आणि किया यांनी २०११ ते २०२२ या काळातल्या कित्येक स्वस्त मॉडेल्सना इमोबिलायझर बसवलाच नाही. २०२१-२२मध्ये पोरांनी स्टेअरिंगचे कव्हर तोडून यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवायची युक्ती समाजमाध्यमांवर पसरवली आणि या गाड्यांच्या चोऱ्यांचा पूर आला. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने जाहीर केले तेव्हा या प्रकाराशी जोडलेले किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू नोंदले गेले होते, आणि सुमारे ८३ लाख गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलायचे ठरले होते. शेजारी कॅनडात याच कंपन्यांच्या गाड्यांना सक्तीमुळे इमोबिलायझर होता, तिथे ही युक्ती चालली नाही. तेव्हा चिप हवी, कोडही हवा, आणि तो कोड रस्त्यावर विकला जाऊ नये हेही बरोबर.

माझा प्रश्न एवढाच आहे की ही राखण करायची कोणी. कंपन्या म्हणतात आम्हीच, कारण प्रश्न सुरक्षेचा आहे. पण या राखणीतून किल्ली विकण्याचा मक्ताही त्यांनाच मिळतो, हे त्या सांगत नाहीत. आणि नुसत्या गुप्ततेने सुरक्षा टिकते हेही अनुभवाला धरून नाही. मेगामॉस नावाच्या, पोर्शे-ऑडीपासून कित्येक गाड्यांत असलेल्या चिपमधला दोष बर्मिंगहॅम आणि नायमेखेन विद्यापीठांतल्या संशोधकांनी शोधला, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३मध्ये लंडनच्या न्यायालयातून तो निबंध प्रसिद्ध करण्यावर मनाई आणली. निबंध अखेर २०१५मध्ये, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. मधली दोन वर्षे त्या गाड्यांच्या मालकांना आपल्या कुलपात नेमके काय कच्चे आहे याचा तपशील मिळाला नाही. इकडे दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या गाडीचोरांच्या टोळ्यांकडे किल्ली कोडिंगचे टॅब वारंवार सापडतात. म्हणजे चोराला मशीन मिळते, आणि दुकान थाटून, जीएसटी भरून, नाव-पत्ता लावून बसलेल्या किल्लीवाल्याला कंपनीचा सरळ रस्ता बंद. मग तोही आडवाटेची मशीन वापरतो, आणि चांगल्या-वाईट किल्लीवाल्यात फरक करण्याची सोय कोणाकडेच उरत नाही.

दुसरा मार्ग आहे आणि तो चालूही आहे. अमेरिकेत वाहन दुरुस्तीची एक राष्ट्रीय संघटना स्वतंत्र किल्लीवाल्यांची पार्श्वभूमी तपासून नोंदणी करते. नोंदणी असलेला माणूस कंपनीच्या संकेतस्थळावरून पैसे भरून एखाद्या गाडीचा कोड घेऊ शकतो. मात्र त्याआधी गिऱ्हाइकाचे ओळखपत्र आणि गाडीची कागदपत्रे तपासून तसा फॉर्म त्याला भरावा लागतो. कोणी, कधी, कोणत्या गाडीचा कोड घेतला याचा माग राहतो. युरोपीय संघात सर्मी नावाची अशीच व्यवस्था २०२३पासून सुरू झाली: वर्कशॉपची तपासणी, कामगाराची पडताळणी, त्याच्या नावाचे डिजिटल प्रमाणपत्र, आणि मग कंपनीला नाही म्हणता येत नाही. इतकेच कशाला, अमेरिकेत फोर्डच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच कृती छापलेली असे: चालू असलेल्या दोन किल्ल्या एकापाठोपाठ एक इग्निशनमध्ये फिरवा, लगेच तिसरी कोरी किल्ली घाला, गाडी तिला ओळखू लागेल. ज्याच्या हातात दोन्ही किल्ल्या आहेत तो मालकच असणार, एवढा साधा हिशेब. एकच किल्ली असेल तर मात्र डीलरकडे जायचे. मला या सगळ्यात हीच तोड सर्वांत पटते. गाडीत ही सोय द्यायला तंत्राची अडचण नाही, हे त्यावरून दिसतेच.

आपल्याकडे हा विषय निघालाच नाही असे नाही. २०११मध्ये होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, चौकशी वाढत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने मारुती, टाटा, महिंद्रा, टोयोटा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची निदान-साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या, असा आदेश होता. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; त्या कामामुळे जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्यात आहे. कंपन्यांचा युक्तिवाद बौद्धिक संपदेचा आणि सुरक्षेचा होता. तो आयोगाने मानला नाही. पुढे अपिले झाली, २०१६मध्ये लवादाने तीन कंपन्यांच्या दंडाचा हिशेब बदलला, कोर्टकज्जे चालू राहिले. निदान-साधने म्हणताना किल्लीचे कोडिंग त्यात धरायचे की सुरक्षेच्या नावाखाली वगळायचे, हा बारकावा त्या धुरळ्यात तसाच राहिला. २०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या चार विषयांपैकी एक मोटारी हा होता. डिसेंबरमध्ये संकेतस्थळही आले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, आणि तपासून नोंदवलेला किल्लीवाला ही गोष्ट भारतात अजून नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते. तंत्राची परीक्षा तिच्यासारख्या संस्थेने घ्यावी, चारित्र्याची पडताळणी पोलिसांनी करावी, आणि किल्लीवाल्याला परवाना द्यावा. यात अशक्य काय आहे ते मला कळत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा.

एकच किल्ली उरली असेल तर दुसरी आत्ताच करून घ्या. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या माणसाला पाण्याचा भाव विचारता येत नाही. सर्व्हिस सेंटरला नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या दिवशीच हे काम सांगा, म्हणजे वेगळी खेप पडत नाही. अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात किल्लीची किंमत, पाते कापण्याचे पैसे आणि कोडिंगचे पैसे वेगवेगळे दाखवायला सांगा. एकरकमी आकडा सांगितला तर फोड मागितल्याशिवाय हलू नका. जाताना घरातल्या सगळ्या चालू किल्ल्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत नवी किल्ली शिकवताना आधीच्या सगळ्या पुसल्या जातात आणि त्या पुन्हा शिकवाव्या लागतात. घरी राहिलेली किल्ली मग नुसते पाते म्हणून उरते. याचा फायदाही आहे. हरवलेली किल्ली कोणाला सापडली तरी तिने गाडी सुरू होणार नाही. म्हणून किल्ली हरवली, तर नवी करताना ‘जुनी पुसली का’ हे विचारा आणि मशीनच्या पडद्यावर नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या दाखवायला सांगा. बहुतेक गाड्यांत ती दिसते.

बाहेरच्या किल्लीवाल्याकडे जायला माझी हरकत नाही. कित्येक जण हे काम उत्तम करतात, आणि गाडी उभी असेल तिथे येऊन करतात, जे कंपनी सहसा करत नाही. पण दुकान असलेला, बिल देणारा माणूस निवडा. जो आरसी आणि ओळखपत्र न बघताच कामाला लागतो त्याला नमस्कार करून परत फिरा. तुमची कागदपत्रे जो बघत नाही तो चोराचीही बघणार नाही. काम डोळ्यांसमोर करून घ्या. आणखी एक विचारा: चिपची नक्कल करणार की नवी किल्ली गाडीत नोंदवणार? नक्कल स्वस्त पडते, पण गाडीच्या लेखी ती आणि मूळ किल्ली एकच. नक्कल हरवली तर तेवढीच पुसता येत नाही, मूळही जाते. दोन-चारशे रुपये वाचवायचे की नाही, ते हे ऐकून ठरवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हा मुद्दा सौद्यातच आणावा. टायर, इंजिन, अपघात झालाय का, हे आपण बघतो. किल्ल्या मोजत नाही. दोन किल्ल्या आणि नंबरचा बिल्ला मागा. नसतील तर नव्या किल्लीचा खर्च किमतीतून वजा करा. आणि दोन्ही मिळाल्या तरी गाडी नावावर झाल्यावर एकदा सगळ्या किल्ल्या पुसून हातातल्या तेवढ्याच पुन्हा नोंदवून घ्या. आधीच्या मालकाच्या मेहुण्याकडे तिसरी किल्ली आहे की नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कशाने कळणार?

विम्याचेही याच्याशी थेट नाते आहे. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच दिली तर शंका सुरू होतात: दुसरी गाडीतच विसरला होता का, कोणाला दिली होती का. ‘ती मागेच हरवली’ हे तेव्हा सांगून उपयोग नाही, हरवली त्या दिवसाचा कागद लागतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हरवलेल्या वस्तूची नोंद पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. ती करा आणि प्रत जपून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी किल्लीचे जोड-संरक्षण मिळते का, त्यात कोडिंग आणि लॉकसेट धरले आहेत का, हेही विचारा.

बटन दाबून सुरू होणारी गाडी असेल तर एक सांगतो, कारण यात माणसे उगाच पैसे घालवतात. किल्लीची बॅटरी संपली म्हणजे किल्ली मेली नाही. तिच्या पोटात लपवलेले पाते असते, त्याने दार उघडा; मग किल्ली स्टार्टच्या बटनाला टेकवून किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू करा. बॅटरी नाण्याएवढी, घड्याळाच्या दुकानात मिळते. भिजलेल्या किल्लीचेही तसेच: बटने चालेनाशी होतात, चिप बहुधा शाबूत असते. आणि आता हे फक्त मोटारवाल्यांपुरते राहिलेले नाही. होंडाने जानेवारी २०२३मध्ये अॅक्टिव्हालाही स्मार्ट किल्ली दिली. स्कूटरची किल्ली पानपट्टीवर विसरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नवी गाडी घेणार असाल तर बुकिंगची रक्कम देण्याआधी सेल्समनला चार गोष्टी विचारा: तिसरी किल्ली केवढ्याला पडेल, दोन्ही हरवल्या तर काय काय बदलावे लागेल, किल्ली यायला किती दिवस लागतात, आणि कोडिंग आपल्या तालुक्यात होते की जिल्ह्याला जावे लागते. त्याला बहुधा माहीत नसेल. व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर उत्तर मागा. पुढे कधी वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

आणि एखाद्या सर्व्हिस सेंटरने एका किल्लीसाठी पूर्ण संच बदलायचा आग्रह धरला, बिलाची फोड नाकारली, किंवा बाहेर किल्ली केली म्हणून वॉरंटी गेली असे तोंडी सांगितले, तर तेच लेखी मागा. बऱ्याचदा कागद मागितला की सूर बदलतो. नाही बदलला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येते. तक्रारीत गाडीचे मॉडेल आणि वर्ष, किती किल्ल्या हातात होत्या, काय सांगितले गेले, किती पैसे मागितले हे लिहा, अंदाजपत्रकाचा फोटो जोडा, आणि ‘किल्ली प्रोग्रामिंग’ हे शब्द विषयाच्या ओळीतच घाला. अशा तक्रारी एका नावाखाली साठल्या तर दुरुस्तीच्या हक्कावर काम करणाऱ्यांना त्या मोजता येतील. ‘सर्व्हिसबद्दल असमाधान’ एवढेच लिहिले तर त्या कुठल्या कुठे विरून जातात.